रायफलचं काडतूस स्वतः भरताना, शिशाच्या गोळीसाठीचं बंदुकीच्या दारूचं माप त्याच वजनाच्या तांब्याच्या गोळीला चालेल का?

नाही. वजन सारखं असलं तरी गोळी सारखी नसते. शिशाची घनता ११.३ च्या आसपास, तांब्याची जेमतेम ९. त्यामुळे तेवढ्याच ग्रेनची (ग्रेन हे गोळीच्या वजनाचं एकक) तांब्याची गोळी लांब होते. काडतुसाची एकूण लांबी ठरलेली असल्याने ही जास्तीची लांबी पुंगळीत, म्हणजे काडतुसाच्या दारू भरायच्या धातूच्या नळकांड्यात, आत जाते आणि दारूची जागा खाते. त्यात तांबं शिशासारखं दबत नाही, नळीच्या आट्यांत (आतल्या पिळदार खाचांत) शिरताना जास्त विरोध करतं. दोन्हींचा परिणाम एकच, दाब वाढतो. म्हणून त्याच गोळीसाठी उत्पादकाने छापलेला तक्ता घ्या, सर्वांत कमी मापापासून सुरुवात करा. अंदाजपंचे काम इथे नको.

वजन एक पायरी खाली आणा, असं मी सांगेन. .३०८ काडतुसात १६५ ग्रेन शिसं वापरत असाल तर १५० ग्रेन तांबं बघा. हलकी गोळी वेगात जाते, आणि तांब्याला उमलायला (लक्ष्यावर आदळून पसरायला) वेग लागतोच. लांब पल्ल्यावर वेग पडला की ती न उमलता आरपार जाते. शिवाय आट्यांचा पीळ मंद असेल (१२ इंचांत एक फेरा वगैरे) तर लांब गोळी नीट स्थिरावत नाही.

गोळी आट्यांना टेकवून बसवू नका. काही उत्पादक सुमारे ०.०५० इंच अंतर सुचवतात. कडेला खाचा असलेल्या गोळ्या घर्षण कमी करतात, तरी नळीत तांबं साचतंच, तेव्हा आधी नळी साफ करा, मगच नवं माप तपासा.