वर्गात माहिती दाखवायला, साठवायला आणि मुलांना द्यायला कोणती छोटी उपकरणं घ्यावीत?

तुम्ही लिहिलंय की घणसोलीच्या शाळेत या जूनपासून लागलात, खिशातले पाच हजार घालायची तयारी आहे आणि पेनड्राइव्ह ६४ जीबीचा घ्यावा की १२८चा, हे ठरत नाहीये. पेनड्राइव्हचं शेवटी सांगते. आधी कॅमेरा घ्या. लॅपटॉपला लागणारा साधा वेबकॅम, आणि टेबलाला चिमट्यानं अडकवायचा तो वाकणारा मोबाइल स्टँड. वेबकॅम त्यावर तोंड खाली करून बांधायचा. लॅपटॉप प्रोजेक्टरला जोडला की टेबलावर ठेवाल ते भिंतीवर दिसतं. हेच यंत्र कंपनीकडून घेतलं की त्याला व्हिज्युअलायझर म्हणतात आणि किंमत कितीतरी पटीनं वाढते.

मी ठाण्यात दहावीला विज्ञान शिकवते. वर्गात ५८ मुलं. आमच्या शाळेत मोठा टचवाला पॅनल आला तेव्हा पेढे वाटले होते. वर्षभरात त्याच्यावर पडदा चढला आणि चावी ऑफिसात गेली. मागायला गेलं की आधी प्रश्न, "कशाला हवाय?" शिकवायला, दुसरं कशाला! शिवाय त्यातल्या तयार व्हिडिओत फूल होतं लिलीचं. लिलीचा पाकळ्यांपासून अंडाशयाच्या कप्प्यांपर्यंत सगळा कारभार तीनाच्या पाढ्यात, आणि आमच्या फाटकाशी फुलते जास्वंद, तिचा पाचाच्या.

म्हणून एका जुलैत जांभळी नाक्याकडच्या फुटपाथवरून दोनशेचा स्टँड आणला. पहिल्या दिवशी फजिती झाली. चित्र धूसर, कारण स्वस्त वेबकॅमचा फोकस बहुधा लांबच्या चेहऱ्यासाठी पक्का केलेला असतो. लेन्सभोवतीची कडी हातानं फिरवता येईल असाच घ्या, नाहीतर ऑटोफोकसवाला. मग ट्यूबलाइटमुळे पडद्यावर पट्टे सरकायला लागले. आपली वीज ५० हर्ट्झची आणि कॅमेऱ्याची सेटिंग ६० वर. ती ५० केली, पट्टे गेले.

दुसऱ्या दिवशी जास्वंद घेतली. पाकळ्या काढल्या, पुंकेसरांची नळी ब्लेडनं उभी चिरली, आतून कुक्षीवृंत, म्हणजे वरची कुक्षी आणि खालचा अंडाशय यांना जोडणारी दांडी, अलगद मोकळा केला. मग अंडाशय आडवा कापून कॅमेऱ्याखाली ठेवला. एरवी हे मी हातात धरून बाकांमधून फिरते. पहिल्या दोन रांगांना दिसतं, बाकीचे माना डोलावतात. त्या दिवशी शेवटच्या बाकावरचा जाड भिंगाच्या चष्म्याचा मुलगा, शाळा सुरू झाल्यापासून तोंड न उघडलेला, उभा राहून म्हणाला, "बाई, खाली पाच कप्पे आहेत आणि वरच्या टिकल्यापण पाचच." कुक्षीच्या पाच टिकल्या आणि अंडाशयाचे पाच कप्पे! हे मी सांगणार होते ते त्यानं मोजून काढलं. अजून लिहिताना अंगावर काटा येतो.

नेमके तेव्हाच आमचे एक ज्येष्ठ सर दारात आले. "काय सर्कस लावलीय? लाखाचा पॅनल असताना पाहुण्यांनी हा जुगाड बघितला तर शाळेची शोभा होईल." मुलांसमोर. मी तेव्हा गप्प बसले. सर, पाहुणे वर्षातून एकदा येतात, ५८ मुलं रोज येतात. शोभा कशानं होते ते तुम्हीच ठरवा.

फोनच थेट प्रोजेक्टरला लावू, असं कोणी सुचवेल. टाइप-सीचं भोक असलं म्हणजे त्यातून चित्र बाहेर येतंच असं नाही, स्वस्त फोनांत ती सोय बहुधा नसते. केबल घेऊन पस्तावाल.

मुलांना द्यायचं तर व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून टाकू नका, अक्षरं पुसट होतात. डॉक्युमेंट म्हणून टाका. आणि रात्री आठनंतरच आठवण करा, कारण घरातला एकुलता फोन वडिलांबरोबर कंपनीत गेलेला असतो. कागद स्कॅन करायला वेगळं यंत्र नको. कॅमस्कॅनर २०२० च्या जूनमध्ये ५९ अ‍ॅप्सवरच्या बंदीत गेलं, पण गूगल ड्राइव्हच्या अ‍ॅपमध्येच स्कॅनची सोय आहे.

आता एक कबुली. त्याच सरांचं दुसरं म्हणणं होतं की फोटो मिळाला की मुलं आकृती काढत नाहीत. तिथं ते बरोबर निघाले. त्या जास्वंदीचा फोटो मी लगेच ग्रुपवर टाकला आणि निम्म्या वह्या कोऱ्या आल्या. आता आधी वही तपासते, मग फोटो. आणि हो, हे सगळं प्रोजेक्टर असेल तरच. तुमच्या वर्गात नसेल तर आधी विचारून घ्या, उगाच माझ्या भरवशावर पैसे घालू नका.

पेनड्राइव्ह ६४चा पुरे. फक्त एफएटी३२ या जुन्या पद्धतीनं फॉरमॅट केलात तर ४ जीबीच्या वरची एक फाइल त्यात बसत नाही, मोठा व्हिडिओ असेल तर एक्सफॅट या नव्या पद्धतीनं करा. झेरॉक्सवाल्याकडे मात्र तो लावू नका. तिथून व्हायरस आला आणि माझ्या सहामाहीच्या गुणांच्या फाइली लपून त्यांच्या जागी नुसते शॉर्टकट दिसत होते. त्याच्यासाठी वेगळा आठ जीबीचा ठेवा.