‘हेवन्स गेट’ची डिस्क घ्यावी का? आणि मोठी आवृत्ती पाहावी की छोटी?

तुम्ही विचारलंय की ‘हेवन्स गेट’ या मायकल चिमिनो दिग्दर्शित १९८० च्या वेस्टर्न पिक्चरची दुरुस्त केलेली प्रत आता घरी बघायला मिळतेय, पण ‘इतिहासातला सगळ्यात बुडालेला पिक्चर’ अशी त्याची ख्याती वाचलीय, तर त्याला २१६ मिनिटं द्यावीत की जुनी १४९ मिनिटांची आवृत्ती शोधून काम भागवावं.

मोठी बघा. छोटीच्या वाटेला जाऊ नका. उत्तर इथंच संपलं असतं, पण तुम्ही ‘बुडालेला’ लिहिलंत आणि मला आमचे दाजी आठवले.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. सगळी नोकरी बँकेच्या कर्ज विभागात गेली. माणूस वाचणारा आहे, सिनेमाचा शौकीन आहे, पण कुठलीही गोष्ट समोर आली की आधी तिची वसुली कशी होणार ते बघतो. डिस्क आली तेव्हा मोठा टीव्ही त्यांच्याकडेच होता, म्हणून मी ती ताईकडे घेऊन गेलो. पिक्चर सुरू व्हायच्या आधीच दाजींनी भाच्याला सांगून टाकलं, “बघ, हा तो पिक्चर. ह्यानं कंपनी बुडवली.” झालं. पोराच्या डोक्यात ते एकदा बसल्यावर पुढचे साडेतीन तास तो पडद्यावर पैसेच शोधत होता. “मामा, ह्या गर्दीला किती खर्च आला असेल?” हा त्याचा पहिला प्रश्न.

दाजी स्केटिंगच्या प्रसंगाला उठले. तुम्ही पिक्चर पाहिलेला नाही, म्हणून सांगतो. वायोमिंगमधल्या वस्तीत एक मोठा लाकडी हॉल आहे, त्याचंच नाव हेवन्स गेट. तिथं सगळा गाव चाकांचे बूट घालून नाचतो, आणि एक पोरगा व्हायोलिन वाजवत वाजवत स्केटिंग करतो. तो डेव्हिड मॅन्सफील्ड. पिक्चरचं संगीतही त्याचंच. त्या प्रसंगात गोष्ट एक पाऊल पुढं सरकत नाही, हे दाजींचं म्हणणं खरंय. पण पुढं बडे गुरंमालक ज्या माणसांना मारायची यादी काढणार आहेत, ती माणसं हसताना, धडपडताना, एकमेकांवर आपटताना तुम्ही आधी बघितलेली असतात. मग त्याच छपराखाली यादीतली नावं वाचली जातात, तेव्हा काय होतं ते बघा. १४९ मिनिटांच्या आवृत्तीत हीच ऐसपैस जागा गेली. कथा राहिली, माणसं गेली.

दाजी चहा घेऊन परत आले आणि म्हणाले, “तुझ्या नाटकासारखंच आहे हे. स्टेजवरच एवढी माणसं, की समोर बसायला कुणी उरलं नाही.”

आता हे नाटक प्रकरण. फार वर्षांपूर्वी आम्ही मित्रांनी एक नाटक काढलं होतं. पात्रं खूप, तीन अंक, वर जिवंत वाद्यवृंद. चाललं नाही. त्यासाठी काढलेल्या कर्जाला दाजी जामीन होते. कर्ज मी शेवटच्या हप्त्यापर्यंत फेडलं, त्यांच्या खिशाला एका पैशाची तोशीस लागली नाही, तरी त्यांच्या लेखी ते नाटक बुडीत खात्यातच जमा. त्यातला दुसरा अंक कसा बांधला होता याबद्दल त्यांनी मला आजवर एक शब्द विचारलेला नाही. प्रयोग किती झाले आणि हप्ते किती राहिले, एवढंच. आता तुम्हाला कळलं असेल की ‘बुडालेला पिक्चर’ म्हटलं की मला का झोंबतं.

तर आकडे. ते मी पाठ केलेत, दाजींसाठीच. मायकल चिमिनोच्या ‘द डिअर हंटर’ला १९७९ च्या एप्रिलमध्ये पाच ऑस्कर मिळाले आणि त्याच महिन्यात माँटानामध्ये या पिक्चरचं चित्रीकरण सुरू झालं. युनायटेड आर्टिस्ट्स या निर्मिती कंपनीनं साधारण १ कोटी १५ लाख डॉलर मंजूर केले होते, शेवटी हिशेब गेला ४ कोटी ४० लाखांच्या आसपास. १९८० च्या नोव्हेंबरमध्ये न्यूयॉर्कमध्ये पहिला खेळ झाला. लगेच न्यूयॉर्क टाइम्समध्ये व्हिन्सेंट कॅन्बीनं लिहिलं त्याचा आशय असा, की चिमिनोनं आधीच्या यशासाठी सैतानाला आत्मा विकला असावा आणि आता सैतान वसुलीला आलाय. (दाजींना हे वाक्य इतकं आवडलं की त्यांनी ते दोनदा वाचून घेतलं.) पिक्चर लगोलग मागे घेतला गेला. चिमिनोनं स्वतः कापून तो १४९ मिनिटांचा केला आणि १९८१ च्या एप्रिलमध्ये पुन्हा लावला. अमेरिकेत गल्ला जमला ३५ लाख डॉलरच्या आसपास.

इथपर्यंत दाजींचं बरोबर. पुढचं मात्र ते ऐकूनच घेत नाहीत. युनायटेड आर्टिस्ट्स १९६७ पासून ट्रान्सअमेरिका या विमा आणि वित्त व्यवसायातल्या बड्या कंपनीच्या ताब्यात होती. सिनेमा हा त्यांच्या अनेक धंद्यांपैकी एक. मालकांशी पटेना म्हणून १९७८ मध्ये आर्थर क्रिम आणि त्यांच्याबरोबरचे वरिष्ठ अधिकारी एकदम बाहेर पडले आणि त्यांनी ओरायन ही नवी कंपनी काढली. म्हणजे चिमिनोला होकार देणारी मंडळी खुर्चीवर नवीन होती, आणि ऑस्करवाल्या दिग्दर्शकाला नाही म्हणायची त्यांची छाती नव्हती. १९८१ मध्ये ट्रान्सअमेरिकानं कंपनी एमजीएमला विकली. विकली, टाळं लावलं नाही. त्याच उन्हाळ्यात बॉण्डचा नवा पिक्चर युनायटेड आर्टिस्ट्सच्याच नावानं लागला. एका पिक्चरनं धक्का दिला हे मान्य, पण भिंत आधीच पोखरलेली होती. कर्ज मंजूर करणाऱ्याला सोडून फक्त कर्जदाराला धरायचं, ही दाजींची जुनी सवय.

शिवाय बातमीच पिक्चरपेक्षा मोठी झाली. निर्मितीवर देखरेख करणाऱ्या अधिकाऱ्यांपैकी स्टीव्हन बाख यांनी १९८५ मध्ये या सगळ्यावर पुस्तक लिहिलं. वाचनीय आहे, पण त्यामुळे झालं असं की पिक्चर न बघितलेल्यालाही त्याचा खर्च तोंडपाठ. पोस्टरवर आकडा नसतो, पडद्यावर नसतो, तरी बघणारा तो घरून घेऊन येतो.

आता इतिहास, कारण तुम्ही ‘खरी घटना आहे का’ असंही विचारलंय. घटना खरी, पिक्चर बराचसा रचलेला. १८८६-८७ च्या भीषण हिवाळ्यात वायोमिंगमधली गुरं कळपाच्या कळपानं मेली, बडे गुरंमालक अडचणीत आले आणि त्यांनी लहान शेतकऱ्यांवर गुरंचोरीचा ठपका ठेवायला सुरुवात केली. एप्रिल १८९२ मध्ये बड्यांच्या संघटनेतल्या लोकांनी टेक्सासहून भाडोत्री बंदूकवाले आणले. शायेनहून खास रेल्वेगाडीनं ही पन्नासेक माणसं कॅस्परपर्यंत आली आणि तिथून घोड्यांवरून जॉन्सन काउंटीकडे निघाली. खिशात मारायच्या माणसांची यादी. ९ एप्रिलला केसी रँचवर त्यांनी नेट चॅम्पियन आणि निक रे या दोघांना मारलं. चॅम्पियन एकटा घरात अडकून तासन् तास लढला आणि त्या धुमश्चक्रीत खिशातल्या वहीत टिपणं लिहीत राहिला. पिक्चरमध्ये ख्रिस्तोफर वॉकेन जळत्या घरात लिहीत बसतो, तो दिग्दर्शकाचा अतिरेक वाटतो. तो अतिरेक नाही, तेवढं खरं आहे. पुढं शेरीफ अँगसच्या मागं सगळा मुलूख उठला, हल्लेखोरच टीए रँचवर कोंडले गेले, आणि गव्हर्नरनं राष्ट्राध्यक्ष हॅरिसनना तारा केल्यावर घोडदळ येऊन त्यांना सोडवून घेऊन गेलं. खटला काही उभा राहिला नाही. काउंटीला खर्च झेपेना, टेक्सासची माणसं पांगली, आणि १८९३ च्या जानेवारीत सगळं मिटलं. हा भाग खरं तर दाजींना आवडायला हवा होता, इथं खर्च न झेपल्यामुळे न्याय बुडाला.

पिक्चरमध्ये यादी १२५ जणांची आहे, प्रत्यक्षात ती सत्तरच्या आसपास होती. शेवटची लढाई दाखवलीय तेवढी रक्तरंजित झालीच नाही. पूर्व युरोपातून आलेल्या गरीब स्थलांतरितांची ती प्रचंड वस्तीही चिमिनोची. आणि पिक्चरमधल्या नायक-नायिकेला ज्यांची नावं दिलीत, त्या एला वॉटसन व जिम ॲव्हरेल यांना तर या सगळ्याच्या तीन वर्षं आधी, १८८९ मध्येच, झाडाला लटकवून मारलं होतं. पिक्चरमध्ये ॲव्हरेल हार्वर्डचा पदवीधर आणि सरकारी मार्शल आहे, खरा ॲव्हरेल दुकान चालवायचा आणि टपाल बघायचा. वायोमिंगच्या इतिहासाचा अभ्यासक चिडला तर त्याचा राग योग्यच आहे. पण सरकार, पैसा आणि कायदा एका बाजूला उभे राहिले की यादीतल्या माणसाचं काय होतं, हे या खोट्या तपशिलांच्या पिक्चरनं जितकं उघडं मांडलंय तितकं वेस्टर्नमध्ये मी क्वचितच बघितलंय. नावं बदलली असती तर अर्धी भांडणं टळली असती. ते त्यानं करायला हवं होतं, असं माझं मत.

डिस्कबद्दल. जुने पिक्चर दुरुस्त करून डिस्कवर काढणाऱ्या क्रायटेरियन या कंपनीची २०१२ ची आवृत्ती चिमिनोच्या देखरेखीखाली झाली. मूळ निगेटिव्ह छोट्या आवृत्तीसाठी कापलेली असल्यामुळे रंग वेगवेगळे करून जपून ठेवलेल्या प्रतींवरून हे काम करावं लागलं. मध्यंतर काढून टाकलंय, म्हणून मूळची २१९ मिनिटं आता २१६ आहेत. वाद रंगांचा आहे. १९८० मध्ये विल्मोस झिगमंडचं छायाचित्रण पिवळट, धुरकट, जुन्या फोटोसारखं होतं. नव्या प्रतीत गवत हिरवं आणि आभाळ निळं दिसतं. मला नवीन आवडतं, कारण माणसांचे चेहरे आता दिसतात. जुनं आवडणाऱ्यांशी मी भांडणार नाही, धूळ हाही त्या पिक्चरचा एक भाग होता. ब्लू-रे डिस्क अमेरिकन असेल तर ती अ विभागाची (रीजन ए) असते, म्हणजे ठरावीक देशांतल्या प्लेअरवरच चालते, तुमचा प्लेअर चालवतो का ते आधी बघा. सबटायटल्स लावाच. गर्दीच्या आणि रेल्वेच्या आवाजात निम्मे संवाद बुडतात, आणि हा दोष कुठल्याही दुरुस्तीनं जाणारा नाही. दिग्दर्शक स्टीव्हन सोडरबर्गनं स्वतःच्या हौसेखातर केलेला याचा १०८ मिनिटांचा काप २०१४ मध्ये लोकांसमोर आणला होता. आधीच पिक्चर पाहिलेल्यांसाठी ती गंमत आहे, तुमच्यासाठी नाही.

एक गोष्ट आधीच लिहायला हवी होती, ती राहिली. या पिक्चरवर जनावरांच्या छळाचे आरोप आहेत आणि ते हवेतले नाहीत. कोंबड्यांच्या झुंजी खऱ्या आहेत. लढाईच्या चित्रीकरणात घोडे मेल्याचे, एक तर स्फोटात गेल्याचे आरोप झाले. अमेरिकन ह्यूमेन या संस्थेला सेटवर येऊ दिलं नव्हतं. तिनं पिक्चरविरुद्ध निदर्शनं केली, आणि चित्रीकरणातल्या जनावरांवर या संस्थेची देखरेख असावी हा नियम अमेरिकेतल्या कलाकार संघटना व निर्मात्यांच्या करारात आला, त्यामागं हे प्रकरण होतं. ब्रिटनमध्ये तर १९३७ च्या कायद्यामुळे झुंजीचे तुकडे कापावे लागले. ताई त्या झुंजीच्या प्रसंगाला उठून आत गेली ती परत आली नाही. तिनं कारण सांगितलं, आणि मी तिला थांबवलं नाही. या कारणासाठी तुम्ही डिस्कला पैसे द्यायचे नाहीत असं ठरवलंत तर मी एक शब्द बोलणार नाही. दाजींनी मात्र हा मुद्दा एकदाही काढला नाही. त्यांचं सगळं बोट त्या ४ कोटी ४० लाखांवर.

बघायचं ठरवलंत तर एका बैठकीत बघू नका. स्केटिंग संपतं, हॉल रिकामा होतो आणि ॲव्हरेल झालेला क्रिस क्रिस्टॉफरसन व एला झालेली इझाबेल उपेर दोघंच नाचतात, तिथं बंद करा आणि उरलेलं दुसऱ्या दिवशी लावा. सुरुवातीच्या हार्वर्डच्या लांबलचक समारंभाला कंटाळून पुढं ढकलू नका. तिथं जॉन हर्ट जे मस्करीत बोलतो त्याची किंमत पुढं कळते. आणि घरात कुणाबरोबर बघणार असाल तर त्याला खर्चाचा आकडा पिक्चर संपल्यावर सांगा. भाच्यानं दुसऱ्यांदा बघितला तेव्हा दाजी घरी नव्हते, आणि पोरानं खर्चाचं एकदाही विचारलं नाही. एला शेवटी ॲव्हरेलबरोबर लवकर का निघून गेली नाही, एवढंच विचारलं.