सुजेवर बांधला जाणारा निर्गुंडीचा पाला खरोखर गुणकारी आहे का, हे कसे तपासावे?

आपण विचारले आहे की, गुहागरकडे आपल्या घरी मुरगळलेल्या पायावर निर्गुंडीचा पाला तव्यावर गरम करून बांधतात, त्याने सूज खरोखर उतरते का, आणि पदवीच्या प्रकल्पात हे तपासता येईल का. मी रत्नागिरी जिल्ह्यात औषधक्रियाशास्त्र शिकवतो आणि या वनस्पतीवरचे प्रकल्प वारंवार पाहतो, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

घरात जे केले जाते त्याचीच परीक्षा झाली पाहिजे, असे माझे ठाम मत आहे. बहुतेक प्रकल्पांत पाला वाळवून मिथेनॉलमध्ये अर्क काढतात आणि तापवलेल्या अंड्याच्या पांढऱ्यातील प्रथिन गोठण्यापासून तो अर्क किती रोखतो, एवढेच मोजतात. ही चाचणी स्वस्त आहे, परंतु प्रथिनांना चिकटणारी टॅनिनसारखी (वनस्पतींतील तुरट) द्रव्ये तिच्यात ढवळाढवळ करतात आणि पेशी, रक्तवाहिन्या, प्रोस्टाग्लँडिन (शरीरात तयार होणारे, सूज व वेदना वाढवणारे द्रव्य) यांपैकी काहीच तिच्यात नसते. तेवढ्यावर ‘सूज उतरवते’ असा निष्कर्ष लिहिणे मला योग्य वाटत नाही.

आधी वनस्पतीची ओळख पक्की करा. निर्गुंडी म्हणजे व्हायटेक्स निगुंडो. तिच्याच प्रजातीतील (म्हणजे व्हायटेक्स या जीनसमधील) दुसरी जात व्हायटेक्स ट्रायफोलिया समुद्रकिनारी वाढते आणि नुसत्या पाल्यावरून गफलत होऊ शकते. फुलांसह फांदी दाबून वाळवा आणि पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेतील किंवा मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयातील ब्लाटर हर्बेरियममधील (वाळवलेल्या वनस्पतींच्या संग्रहालयातील) तज्ज्ञांकडून ओळख पटवून घ्या. आपल्याकडच्या पावसाळ्यात पाला सावलीत वाळत नाही, त्यावर बुरशी चढते. म्हणून तोडणी पाऊस सरल्यावर करावी किंवा ताज्या पाल्याचाच अर्क पाण्यात काढावा. श्रीलंकेतील संशोधकांनी २००३ मध्ये ताज्या पानांच्या अशाच अर्काचा सूजविरोधी परिणाम उंदरांमध्ये नोंदवला होता.

प्रयोगशाळेत रॉ २६४.७ या (उंदराच्या, प्रयोगशाळेत वाढवलेल्या) भक्षक पेशींना लायपोपॉलिसॅकराइड या जिवाणूंच्या आवरणातील द्रव्याने चेतवतात आणि दाहाची खूण म्हणून त्यांनी सोडलेले नायट्रिक ऑक्साइड ग्रीस अभिकर्मक या रंग देणाऱ्या रसायनाने मोजतात. अर्काने ते कमी झाले, तर पेशी शांत झाल्या की मेल्या, हे एमटीटी या जिवंत पेशी ओळखणाऱ्या चाचणीने त्याच वेळी पाहावेच लागते. अर्कातच जिवाणूंचे अंतर्विष (म्हणजे हेच लायपोपॉलिसॅकराइड) मिसळलेले असेल, तर परिणाम उलटाही दिसू शकतो.

प्राण्यांवरील प्रचलित पद्धत १९६२ ची आहे: लाल समुद्रशैवालापासून मिळणारे कॅराजिनन उंदराच्या मागच्या पंजात टोचतात आणि पुढचे काही तास पंजाचे घनफळ मोजतात. सुरुवातीची सूज हिस्टामिन व सेरोटोनिनमुळे असते, नंतरची मुख्यतः प्रोस्टाग्लँडिनमुळे. तुलनेला इंडोमेथासिन किंवा डायक्लोफेनॅक ही सूज उतरवणारी प्रचलित औषधे दिलेला गट असतो. मात्र यात अर्क सहसा सूज येण्याआधी आणि तोही तोंडावाटे देतात, तर आपल्याकडे पाला सूज आल्यानंतर कातडीवर बांधतात. हा फरक लहान नाही. शिवाय संस्थेच्या प्राणी नीतिशास्त्र समितीच्या मान्यतेशिवाय असा प्रयोग करता येत नाही.

आपल्या प्रश्नाच्या सर्वांत जवळ जाणारी परीक्षा माणसांवरचीच आहे, आणि तिचा मुख्य अडसर पाला नसून ऊब व घट्ट बांधणी आहे. मुरगळलेला पाय बऱ्याचदा आपोआपही बरा होतो, आणि शेक व पट्टी यांचा स्वतंत्र परिणाम होऊ शकतो. म्हणून चिठ्ठ्या टाकून दोन गट करावेत. एकाला निर्गुंडी आणि दुसऱ्याला सुजेसाठी न वापरला जाणारा, कातडीला निरुपद्रवी असा पाला, तितकाच गरम आणि तितक्याच घट्ट बांधून द्यावा. निर्गुंडीचा वास उग्र असल्यामुळे रुग्णापासून ती लपवणे कठीण आहे. निदान घोट्याचा घेर मोजणारी व्यक्ती तरी पाला काढून पाय धुतल्यानंतरच यावी, म्हणजे तिला गट कळणार नाही. अशा अभ्यासाला मानवी नीतिशास्त्र समितीची मान्यता आणि भारताच्या क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्रीत नोंदणी लागते, त्यामुळे तो पदवीच्या प्रकल्पात मावणार नाही. मार्गदर्शक व अस्थिरोगतज्ज्ञ मिळाल्यास पुढच्या टप्प्यावर जरूर करावा.

आत्ता मात्र आपण एक काम उत्तम करू शकता. पाला किती घेतात, किती गरम करतात, तेल लावतात का, किती वेळ बांधून ठेवतात आणि कोणत्या सुजेवर मुळीच बांधत नाहीत, हे वाडीतील जाणत्या बायकांना विचारून, त्यांच्या संमतीने, नोंदवा. त्याच वेळी ग्रामपंचायतीच्या जैवविविधता व्यवस्थापन समितीला भेटून, लोकजैवविविधता नोंदवहीत (गावातील वनस्पती, प्राणी व त्यांविषयीचे ज्ञान नोंदवणाऱ्या वहीत) निर्गुंडीच्या या उपयोगाची नोंद आहे का, तेही पाहून घ्या.