वाचकांचे प्रश्न : पायलट पेटतो, पण टिकत नाही

प्रश्न : आमची लहान बेकरी आहे. पाव-खारीसाठी दोन डेकचा गॅस ओव्हन वापरतो. नॉब दाबून धरला की पायलट (मोठा बर्नर पेटवणारी छोटी ज्योत) पेटतो, सोडला की लगेच विझतो. मिस्त्री म्हणतो, ‘थर्मोकपल काढून थेट जोडून देतो, कायमची कटकट जाईल.’ करून घ्यावं का?
(एक वाचक, खानापूर)

उत्तर : अजिबात करून घेऊ नका. दुसऱ्या कुणाच्या ओव्हनला असं केलेलं दिसलं तर त्यालाही सांगा.

थर्मोकपल म्हणजे तांब्याच्या बारीक नळीसारखी दिसणारी ती तार. तिचं एक टोक पायलटच्या ज्योतीत असतं, दुसरं वॉल्व्हमध्ये आवळलेलं. ज्योतीतलं टोक तापलं की 20 ते 30 मिलिव्होल्ट वीज तयार होते आणि तेवढ्यावर वॉल्व्हमधला छोटा विद्युतचुंबक गॅसची वाट उघडी धरतो. ज्योत विझली की टोक थंड होतं, चुंबक सुटतो आणि गॅस बंद होतो. थर्मोकपल काढून थेट जोडणी केली तर पायलट विझल्यावरही गॅस येतच राहील. एलपीजी हवेच्या दीड ते दोन पट जड असतो. तो ओव्हनच्या तळाशी आणि जमिनीलगत साचतो. पहाटे भट्टी लावायला आलेल्या माणसाने काडी ओढली की काय होईल, हे वेगळं सांगायला नको.

आधी पेटवण्याची पद्धत तपासा, कारण पुष्कळदा चूक तिथेच असते. ओव्हनचे सगळे नॉब आणि सिलिंडर बंद करा, दोन्ही डेकची दारं उघडी टाका आणि किमान 5 मिनिटं थांबा. मग खाली वाकून जमिनीजवळ वास घ्या. वास येत असेल तर दिव्याचं बटण, पंखा, मोबाइल कशालाच हात लावू नका. सगळ्यांना बाहेर काढा आणि बाहेरूनच 1906 या गॅस गळतीच्या क्रमांकावर फोन करा. वास नसेल तर सिलिंडर उघडा, नॉब पायलटच्या खुणेवर आणून पूर्ण दाबा आणि लांब दांड्याच्या लायटरने पेटवा. सिलिंडर नुकताच बदलला असेल तर नळीतली हवा निघून जायला वेळ लागतो, म्हणून पहिल्या फटक्यात पेटला नाही तरी घाबरू नका. पेटल्यावर नॉब 30 ते 60 सेकंद दाबूनच धरा. गडबडीत लोक दहा सेकंदांत सोडतात. तेवढ्यात टोक पुरेसं तापत नाही आणि दोष मात्र थर्मोकपलवर जातो.

मिनिटभर धरूनही विझत असेल तर ज्योत नीट पाहा. ती निळी, ताठ आणि थर्मोकपलच्या टोकाचा वरचा अर्धा इंच भाग वेढणारी हवी. पिवळी, लोळणारी ज्योत म्हणजे पायलटला हवा कमी पडते. बेकरीत याचं नेहमीचं कारण मैदा. उडणारं पीठ हवेच्या छिद्रात बसतं आणि उष्णतेने तिथेच करपून घट्ट होतं. गॅस बंद करून, सगळं थंड झाल्यावर मऊ ब्रशने छिद्र साफ करा आणि कॉम्प्रेसरची हवा मारा. गॅस बाहेर पडतो त्या जेटच्या भोकात सुई किंवा तार मात्र घालू नका. ते भोक मिलिमीटरच्या दोन-तीन दशांशाएवढं असतं. जरा मोठं झालं की गॅस जास्त येतो आणि ज्योत पुन्हा पिवळीच होते.

ज्योत जेटपासून सुटून फरफरत असेल तर दाब जास्त आहे. 19 किलोच्या सिलिंडरला काही ठिकाणी मोठ्या शेगडीचा उच्च दाबाचा रेग्युलेटर लावलेला असतो. ओव्हनच्या पाटीवर जो दाब लिहिलाय (बहुधा 30 मिलिबार) त्याचाच रेग्युलेटर हवा.

ज्योत चांगली आहे, तरी टिकत नाही? मग थर्मोकपलकडे वळा. टोकावरची काजळी झिरो नंबरच्या पॉलिश पेपरने हलकेच काढा. वॉल्व्हकडचा नट ढिला असेल तर एवढीशी वीज तिथेच अडते. तो हाताने बसेल तितका बसवून पान्याने फक्त पाव फेरा द्या. जोर लावून आवळला तर आतलं इन्सुलेशन चेपतं आणि चांगला थर्मोकपल वाया जातो.

खात्री करायची तर मल्टिमीटर डीसी मिलिव्होल्टवर ठेवा. थर्मोकपल वॉल्व्हमधून सोडवा, मीटरची एक पिन वॉल्व्हकडच्या टोकाच्या टिकलीला आणि दुसरी तांब्याच्या नळीला लावा, आणि दुसऱ्या माणसाला पायलट पेटवून नॉब दाबून धरायला सांगा. मिनिटभरात आकडा 20 च्या वर गेला तर थर्मोकपल ठीक आहे, बिघाड वॉल्व्हच्या चुंबकात. 10-12 वर अडकला तर थर्मोकपल बदला. नवा आणताना जुना सोबत न्या. लांबी आणि वॉल्व्हकडचा आटा दोन्ही जुळायला हवेत. काम झाल्यावर उघडलेल्या प्रत्येक गॅसजोडाला साबणाचा फेस लावून बुडबुडे येतात का ते पाहा.

प्रश्न : आमचा गॅस गिझर पावसाळा सुरू झाल्यापासून नीट चालत नाही. कधी ठकठक आवाज येतो पण पेटत नाही, कधी पेटून काही सेकंदांत विझतो. गिझर न्हाणीघरातच आहे. पावसाची झड येते म्हणून खिडकी बंद ठेवतो.
(एक वाचक, टिळकवाडी, बेळगाव)

उत्तर : दुरुस्तीच्या आधी गिझर न्हाणीघराबाहेर काढा. सहा लिटरचा गिझर तासाला सुमारे 0.9 किलो गॅस जाळतो आणि एक किलो गॅस पूर्ण जळायला सुमारे 13 घनमीटर हवा लागते. म्हणजे पंधरा मिनिटांच्या आंघोळीत जवळजवळ 3 घनमीटर. पाच बाय सात फुटांच्या, आठ फूट उंच न्हाणीघरात सगळी मिळून हवाच 8 घनमीटर. दार-खिडकी बंद असेल तर प्राणवायू झपाट्याने घटतो, जळण अर्धवट होतं आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला वास नाही, रंग नाही. डोकं जड होणं, मळमळ, पाय लटपटणं ही लक्षणं जाणवेपर्यंत माणसाला दाराची कडी काढण्याचंही बळ उरत नाही. गिझर बाल्कनीत किंवा बाहेरच्या भिंतीला, पाऊस लागणार नाही अशा आडोशाला बसवा आणि फक्त गरम पाण्याचा पाइप आत घ्या. तोवर तो वापरू नका.

आता बिघाड. या गिझरला कायम जळणारा पायलट नसतो. पाणी वाहू लागलं की रबरी पडदा सरकतो, स्विच दाबला जातो आणि दोन मोठ्या सेलवर ठिणगी पडते. नळ सोडून ठकठकच झाली नाही तर सेल तरी उतरलेत किंवा पाण्याला जोर नाही. टाकी दर दहा फूट उंचीमागे साधारण 0.3 बारच दाब देते. वरच्या मजल्यावर, टाकीच्या अगदी खालीच गिझर असेल तर हा दाब कमी पडू शकतो. पाणी आत येतं तिथली जाळीही काढून धुवा. गढूळ पाण्याच्या दिवसांत ती गाळाने भरते.

ठकठक होते पण पेटत नाही, हे बहुधा अर्धवट उतरलेल्या सेलमुळे. ठिणगी पडते, पण गॅसचा वॉल्व्ह उघडायला ताकद उरत नाही. दोन्ही सेल एकदम बदला, अल्कलाइन घ्या, आणि सेलच्या डब्यातल्या पत्र्या पाहा. दमट हवेत त्या हिरव्या पडतात, पॉलिश पेपरने घासा. पेटून लगेच विझत असेल तर बर्नरसमोर दोन पिना दिसतील. एक ठिणगीची, दुसरी ज्योत ओळखणारी. दुसरीवर काजळी बसली की गिझरला ज्योत कळत नाही आणि तो गॅस तोडतो. तीही तशीच साफ करा. पुष्कळ गिझर वीस मिनिटांनी आपोआप बंद होतात. तो बिघाड नव्हे.

प्रश्न : हिवाळ्यात मुलाकडे अमेरिकेला जाणार आहोत. घर जुनं आहे, तळघरात घर गरम ठेवणारी गॅसची फर्नेस आहे. दिवसा आम्ही दोघंच घरी असू. पायलट विझला तर?
(एक वाचक, निपाणी)

उत्तर : मुलाला आधी विचारा, फर्नेसला कायमचा पायलट आहे का. नव्या फर्नेसना तो नसतो आणि त्यांना काडी लावायचीच नसते. असेल तर थर्मोस्टॅट (घराचं तापमान ठरवणारं बटण) सगळ्यात कमी तापमानावर आणा, नॉब ‘ऑफ’वर ठेवून 5 मिनिटं थांबा आणि जमिनीलगत व वर दोन्हीकडे वास घ्या. तिथे पाइपने येणारा नैसर्गिक वायू हवेपेक्षा हलका असतो, टाकीतला प्रोपेन जड. वास नसेल तरच नॉब ‘पायलट’वर फिरवून दाबा, पेटवा, मिनिटभर धरा, हळूच सोडा आणि ‘ऑन’ करा. फर्नेसच्या आतल्या बाजूला चिकटवलेल्या सूचना यापेक्षा वेगळ्या असतील तर त्याच पाळा. पुन्हा विझला तर हात लावू नका, गॅस कंपनीला किंवा मिस्त्रीला बोलवा. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म वाजला तर स्वेटर शोधत बसू नका. आधी दोघंही बाहेर पडा आणि बाहेरून 911 लावा.