फ्लूचा ताप उतरला, तरी पोट का बिघडलेलं?

ताप जाऊन आठवडा झाला, तरी अन्नावर वासना नाही, पोट फुगतं, पातळ होतं, आणि मध्ये मनानेच अँटिबायोटिक घेतलंत. 'फ्लू पोटात उतरला का?' असं विचारलंय तुम्ही. माझं कुडाळला मेडिकल आहे. पावसाळा लागला की हीच तक्रार कानावर येते.

फ्लूचा विषाणू बहुतेक वेळा छातीतच असतो, पण त्याची झळ आतड्यातल्या जिवाणूंना लागते. उंदरांवरच्या प्रयोगांत आतड्यात विषाणू सापडला नाही, तरी तिथले उपयोगी लॅक्टोबॅसिलस घटले आणि ई. कोलायच्या कुळातले जिवाणू वाढले. फुप्फुसात लढायला तयार झालेल्या टी-पेशी (रोगाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी) रक्तातून आतड्यापर्यंत जातात आणि तिथेही दाह करतात. दुसरं कारण साधं आहे, पण मला तेच मोठं वाटतं: आजारपणात आपण जेवत नाही. निरोगी उंदरांचं खाणं तेवढंच तोडलं, तरी बरेचसे बदल तसेच दिसले.

आपण खाल्लेल्या चोथ्यावर हे जिवाणू जगतात आणि त्यातून ब्युटिरेट, अ‍ॅसिटेट ही उपयोगी आम्लं तयार करतात. ब्युटिरेटवर आतड्याचं अस्तर पोसलं जातं. अ‍ॅसिटेट फुप्फुसातल्या भक्षक पेशींना न्यूमोकोकस हा न्यूमोनियाचा जिवाणू मारायला मदत करतं. फ्लूपाठोपाठ न्यूमोनिया होतो, त्यामागे हेही एक कारण असावं.

कोविडची गोष्ट थोडी वेगळी. तो विषाणू पेशीवरच्या ज्या एसीई-२ या प्रथिनाला धरून आत शिरतो, ते लहान आतड्यात भरपूर असतं. हाँगकाँगच्या 2021 च्या अभ्यासात रुग्णांचे उपयोगी जिवाणू बरं झाल्यावर महिनाभरही कमीच होते.

आता त्या गोळ्यांबद्दल. तळहातावर कापलेल्या स्ट्रिपचा तुकडा धरून 'ह्याच तीन द्या' म्हणणारे रोज येतात. अँटिबायोटिकने विषाणू मरत नाही, आधीच घटलेले चांगले जिवाणू मात्र आणखी मरतात. कृपा करून मनाने परत घेऊ नका.

उकड्या तांदळाची ताजी पेज, मीठ घालून, थोडी थोडी पण दिवसातून चार वेळा घ्या. मग पिकलं केळं, नाचणीची आंबील, ताजं ताक. सोलकढी थोडे दिवस राहू द्या, नारळाचा रस आता जड जाईल. त्यापेक्षा तिवळ, म्हणजे नारळाचा रस न घातलेलं आमसुलाचं सार, बरी. कुळीथ पोट फुगणं थांबल्यावर. जुलाब चालू असतील तोवर ओआरएस सोडू नका.

शौचातून रक्त पडलं, धाप लागली किंवा ताप उलटला, तर मात्र पेजेवर थांबू नका. लावणीच्या चिखलात उतरला असाल आणि तापाबरोबर पोटऱ्या ठणकत असतील, डोळे लाल झाले असतील किंवा लघवी कमी झाली असेल, तर लेप्टोची (लेप्टोस्पायरोसिस, उंदरांच्या लघवीने दूषित पाण्या-चिखलातून होणारा ताप) शंका घ्या. आपल्या सिंधुदुर्गात तो नवा नाही. त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रात जा. लेप्टोला अँटिबायोटिक लागतंच, पण ते डॉक्टरांनी तपासून दिलेलं.