गावाच्या हवामान आराखड्यात आरोग्य कुठे?

प्रश्न : मी अकोला जिल्ह्यात आशा सेविका आहे. गावाच्या हवामान आराखड्यात झाडं, शेततळी, सौर दिवे आहेत. आरोग्याचं नाव नाही. ग्रामसभेत काय मागू?

उत्तर : ताई, हे ग्रामसभेत बोलाच. मे २०१० मध्ये अहमदाबादेत पारा ४६.८ अंशांवर गेला. त्या महिन्यात नेहमीपेक्षा १,३४४ मृत्यू जास्त झाले. २०१३ मध्ये तिथे उष्णता कृती आराखडा आला. मला सर्वांत मोलाचं वाटतं ते वेगळंच : तिथल्या एका रुग्णालयात नवजात बाळांचा कक्ष तापणाऱ्या वरच्या मजल्यावरून खाली हलवला, आणि उष्णतेने आजारी पडणारी बाळं कमी झाली. फक्त जागा बदलली!

तुमच्या उपकेंद्राच्या छपरावर पत्रे असतील तर ऊन परतवणारा पांढरा लेप आधी तिथे मागा. रोहयोची कामं पहाटे, कामावर सावली-पाणी, ओआरएसचा साठा मार्चपूर्वी. एकट्या म्हाताऱ्यांची, गरोदर बायकांची घरं तुम्हाला ठाऊक आहेतच. उष्णतेचा इशारा आला की तिथे कोण जाणार, हे नावानिशी लिहून घ्या. सगळी नावं तुमचीच नकोत. ग्रामपंचायत सदस्यांचीही हवीत.