गोळ्या बंद करण्याचा विचार असेल, तर आधी हे वाचा

कंपनीत कपात सुरू आहे, रात्री तीनपर्यंत तुम्ही फोनवर त्याच बातम्या चाळता, सकाळी साधे वीजबिल भरणेही होत नाही आणि ‘नोकरीच राहणार नसेल तर एकाग्रता हवी कशाला’ म्हणून एडीएचडीच्या (लक्ष टिकवणे अवघड करणाऱ्या विकाराच्या) गोळ्या थांबवाव्यात असे वाटते, हे तुम्ही लिहिलेले वाचून मला २०२० सालचे आमचे रामबागेतले घर आठवले. मी डॉक्टर नाही. इंदुरात व्यापाऱ्यांच्या हिशेबाची आणि जीएसटीची कामे करतो आणि माझे निदानही तुमच्यासारखेच उशिरा, अडतिसाव्या वर्षी झाले. औषधाबाबतचा निर्णय तुमच्या मनोविकारतज्ज्ञांनीच घ्यायचा आहे, हे गृहीत धरूनच पुढचे वाचावे.

टाळेबंदी लागली तेव्हा माझ्याकडे मिथाइलफेनिडेट या एडीएचडीच्या औषधाच्या सहा गोळ्या उरल्या होत्या. पाकीट रिकामे झाल्याशिवाय नव्या चिठ्ठीचा विचार करायचा नाही, ही माझी जुनी खोड, आणि तीच सर्वांत महागात पडली. दवाखान्याला (नाव घेत नाही) फोन केला की पलीकडून उत्तर येई, “डॉक्टर फोनवरच लिहून देतील, दोन दिवसांनी करा.” असे तीन आठवडे गेले. अखेर दवा बाजारातल्या एका ओळखीच्या विक्रेत्याने खरे काय ते सांगितले: हे औषध शेड्यूल एक्समधले, म्हणजे कडक नियंत्रण असलेल्या औषधांच्या सरकारी यादीतले, त्याची चिठ्ठी दोन प्रतींत लागते, त्यातली एक दुकानदाराला दोन वर्षे जपून ठेवावी लागते आणि २५ मार्च २०२० च्या दूरवैद्यक (फोन-व्हिडिओवरून उपचार करण्याच्या) सरकारी सूचनांनुसार ते फोनवरून लिहून देण्यास मनाई होती. दवाखान्यात हे कोणालाच ठाऊक नव्हते, यावर माझा आजही विश्वास बसत नाही. पहिल्याच दिवशी कळले असते, तर ॲटोमॉक्सेटिन या एडीएचडीच्याच दुसऱ्या औषधाबद्दल डॉक्टरांना विचारता आले असते. ते शेड्यूल एक्समध्ये नाही, पण त्याचा पूर्ण परिणाम दिसायला काही आठवडे जातात. म्हणजे माझे जे आठवडे वाया गेले, नेमके तेच हाताशी असायला हवे होते.

त्यातच जीएसटी विवरणपत्रांच्या मुदती सरकारने पुढे ढकलल्या. इतरांना हायसे वाटले. माझ्या डोक्यावरचा एकमेव चाबूक मात्र नाहीसा झाला. एडीएचडी असलेल्याला काम कळत नसते असे नाही. वेळ, अंतर आणि क्रम यांची जाणीव त्याला बाहेरून उसनी घ्यावी लागते, आणि ऑफिसची घंटा, साहेबाची नजर, मुदतीची तारीख हे सगळे एकदम गेले की तो नुसता खोलीत फिरत राहतो. जूनमध्ये अकरा व्यापाऱ्यांची कामे साचली होती. त्यातले दोघे काम काढून घेऊन कायमचे दुसरीकडे गेले आणि त्यांना दोष देण्याची माझी हिंमत नाही.

म्हणून माझे मत, पटले तर घ्या: या दिवसांत रंगीत वेळापत्रके करू नका, मी तीन केली आणि करण्यातच दिवस घालवले. त्यापेक्षा समोर एक माणूस बसवा. आमची आई माझ्या टेबलासमोर मेथी निवडत बसे. काही बोलायचे नाही, एवढीच अट होती, आणि तेवढ्यात निदान दोन विवरणपत्रे निघत. नातेवाइकांनी ‘हा लहान मुलांचा आजार’ म्हटले तर वाद घालू नका, त्यात अर्धा दिवस जातो. झोपताना फोन स्वयंपाकघरात चार्जिंगला लावून या. सकाळी चहा करताना मिळेलच. रात्रीच्या घालमेलीत कोणाशी बोलावेसे वाटले तर टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या मदतसेवेचा १४४१६ हा सरकारी क्रमांक आहे.

गोळ्यांबाबत तर आजच एक करा: पाकीट उघडून मोजा. दहा किंवा त्याहून कमी असतील तर उद्याच वेळ घ्या आणि बंद करण्याचा विचार चिठ्ठी मागतानाच डॉक्टरांसमोर बोला.